मानसिक आरोग्याच्या संशोधनात भाग घेताना
३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपातून वाचलेल्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास झाला होता. अशा अभ्यासासाठी कोणी तुमच्या घरी आले, तर ‘जुनी जखम पुन्हा उघडेल’ ही भीती स्वाभाविक आहे. बोलताना काहींना रडू येते, रात्री झोप लागत नाही. बहुतेकांचा हा त्रास थोड्या दिवसांत ओसरतो. अनेकांना मन हलके वाटते. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार बळावत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे.

संमतीपत्र नीट समजून घ्या. नको तो प्रश्न टाळता येतो, मध्येच थांबताही येते. त्यामुळे तुमचे उपचार थांबवता येत नाहीत. त्रास दोन आठवडे टिकला, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणे नकोसे वाटले, तर लगेच टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत, चोवीस तास आहे.