फोटोत नसलेली माणसं

गेल्या आठवड्यात ऑफिसातला एक मित्र हनिमूनहून परत आला. मालदीव. जेवणानंतर त्याच्या डेस्कभोवती घोळका करून आम्ही सगळे फोटो बघितले. निळंशार पाणी, पाण्यावर उभ्या झोपड्या, पांढरी वाळू... तीनेकशे फोटो तरी असतील. शेवटी मी सहज विचारलं, "अरे, तिथली माणसं कशी आहेत?" गडी विचारात पडला. म्हणाला, "वेटर बांगलादेशी होता, मॅनेजर श्रीलंकेचा. एअरपोर्टवर शिक्का मारणारा तिथला असेल बहुतेक."

पाच दिवस एका देशात राहून त्या देशाचा माणूसच भेटला नाही! हे डोक्यात राहिलं आणि अख्खा विकांत मालदीवचा इतिहास वाचण्यात गेला. वाचल्यावर कळलं की हा योगायोग नाही, डिझाइनच तसं आहे.

गोष्ट १९७२ ची. ब्रिटिशांपासून स्वतंत्र होऊन मालदीवला जेमतेम सात वर्षं झाली होती. हजारावर बेटं, वस्ती त्यातल्या दोनशेएक बेटांवर. धंदा एकच, मासा. टूना उकडून, धुरी देऊन, सुकवून श्रीलंकेला विकायचा. नेमकी त्याच सुमारास परकीय चलनाच्या टंचाईमुळे श्रीलंकेने ही खरेदी कमी केली. एकच क्लायंट आणि त्यानेच हात आखडता घेतला, तर काय होतं हे आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको :)

पर्यटनाचा विचार त्याआधी झाला होता. पण संयुक्त राष्ट्रांकडून आलेल्या तज्ज्ञांनी 'इथे जमणार नाही' असं सांगितलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं? देशात एकही बँक नव्हती. हॉटेल नव्हतं. बेटं विखुरलेली, वीज-पाणी कुठे कुठे पोचवणार?

पण कोलंबोत जॉर्ज कॉर्बिन नावाचा एक इटालियन ट्रॅव्हल एजंट नवे किनारे शोधत होता. त्याला तिथल्या मालदीवच्या वकिलातीतला अहमद नसीम हा तरुण भेटला. कॉर्बिन मालवाहू बोटीने मालेला गेला, आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये वीसेक इटालियन पाहुणे घेऊन परत आला. हॉटेल नसल्यामुळे ही मंडळी राहिली चक्क मालेतल्या लोकांच्या घरांत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका निर्मनुष्य बेटावर 'कुरुम्बा' हे पहिलं रिसॉर्ट उघडलं. तीस खोल्या. कुरुम्बा म्हणजे शहाळं. आणि १९७४ मध्ये मालेत पहिली बँक आली ती कोणती? आपली स्टेट बँक ऑफ इंडिया!

खरी युक्ती पुढे आहे. सरकारने ठरवलं, एक बेट एक रिसॉर्ट. निर्मनुष्य बेट भाड्याने द्यायचं. घेणाऱ्याने जनरेटर, पाणी, धक्का, होड्या सगळं स्वतः उभं करायचं. सरकारला रस्ता बांधायला नको, वीज न्यायला नको. विखुरलेली बेटं ही अडचण होती, तीच विकायची वस्तू झाली. बग होता, त्याचं फीचर केलं. शिवाय देश मुस्लिम. दारू आणि बिकिनी रिसॉर्टच्या बेटावर, गावच्या बेटावर नाही. भांडणाचं कारणच संपलं.

पण याची किंमत होती. पुढे वस्तीच्या बेटांवर पर्यटकांना ठेवण्यावर बंदी आली. म्हणजे पहिल्या पाहुण्यांना ज्यांनी घरात ठेवलं, त्यांच्याच देशात घरी पाहुणा ठेवणं नियमाबाहेर गेलं. भाडेपट्टे मिळाले ते मालेतल्या पैसेवाल्यांना आणि बाहेरच्या कंपन्यांना. शेजारच्या बेटावरच्या कोळ्याला रात्री दिसायचे ते फक्त रिसॉर्टचे दिवे.

२००८ मध्ये पहिली बहुपक्षीय अध्यक्षीय निवडणूक झाली, मोहम्मद नशीद निवडून आले, आणि २००९ मध्ये वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसला परवानगी मिळाली. मालेजवळच्या माफुशी बेटावर लोकांनी घराच्या चार खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. बिकिनीसाठी किनाऱ्याचा एक तुकडा आडोसा करून वेगळा ठेवला. दारू नाहीच. स्वस्त गेस्टहाउसमुळे देशाची महागडी प्रतिमा बुडेल अशी ओरड झाली होती. पण २०२४ मध्ये वीस लाखांवर पर्यटक आले, तेही पाचेक लाख वस्तीच्या देशात. आलिशान रिसॉर्टंही चालूच आहेत.

गर्दी, कचरा, गावाचं बदलतं रूप हे प्रश्न आता माफुशीलाही आहेत. ते खोटे नाहीत. पण निदान पाहुण्यांकडून काय घ्यायचं आणि काय सोसायचं यात गावाला थोडंफार बोलता येतं. बंदीच्या काळात ते नव्हतं.

हे सगळं मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "आधी सांगायचंस ना, पैसेही वाचले असते!" :) असो. माझं लग्न ठरलं की मी माफुशीला जाणार. फोटोत निदान एक तरी मालदीवचा माणूस हवा.