नाताळच्या प्रथा

नाताळ हा येशू ख्रिस्ताच्या जन्मानिमित्त दरवर्षी २५ डिसेंबर रोजी साजरा होणारा सण होय. ‘जन्मासंबंधी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून हे नाव पोर्तुगीज भाषेमार्गे मराठीत आले. बायबलमध्ये जन्माची तारीख दिलेली नाही. २५ डिसेंबरचा उल्लेख चौथ्या शतकातील रोमच्या एका पंचांगात आढळतो.

गव्हाणीचा देखावा असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो गावी मांडला व तेव्हापासून ही प्रथा रूढ होत गेली. झाड सजवण्याची चाल जर्मनीतून पसरली. घरावर लावलेला तारा पूर्वेकडील मागी लोकांना वाट दाखवणाऱ्या ताऱ्याचे स्मरण करून देतो.

बुलढाणा जिल्ह्यासह वऱ्हाडात पोर्तुगीज सत्ता कधीच नव्हती. येथील अनेक मराठी ख्रिस्ती मंडळ्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या अमेरिकन मिशनच्या कार्यातून उभ्या राहिल्या. तरीही सणाचे नाव ‘नाताळ’ हेच रूढ आहे. मराठी उपासनेत रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची पदे गायिली जातात. प्रथा निरनिराळ्या देशांतील असल्या, तरी जागेअभावी गव्हाणीत ठेवलेल्या बालकाचे स्मरण हाच या सणाचा गाभा आहे.