टँकचं कूळ

ऑनलाइन अवकाशयुद्धाच्या खेळात नवा गडी शिरला की जुने खेळाडू त्याला पहिल्याच दिवशी विचारतात, "तुझं जहाज शील्ड टँक की आर्मर टँक?" 'ईव्ह ऑनलाइन' हा या जातीतला सर्वांत नावाजलेला खेळ. आइसलँडमधल्या सीसीपी कंपनीनं तो ६ मे २००३ रोजी सुरू केला. त्यात रणगाडा औषधालाही नाही, सगळी जहाजंच. तरी तिथले लोक उठता-बसता 'टँक'ची भाषा बोलतात. हा शब्द तिथवर पोचला कसा, याचा माग काढत गेलं की वाट इंग्लंडमधल्या लिंकन गावावरून सुरतेकडे वळते आणि पश्चिम भारतातल्या खडकात खोदलेल्या पाण्यापाशी येऊन थांबते. ते पाणी नाशिककरांच्या रोजच्या ओळखीचं आहे.

मुंबईच्या वाटेवरची पांडवलेणी बघायला गेलेला माणूस बुद्धमूर्ती आणि शिलालेख बघतो. खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांकडे त्याचं सहसा लक्ष जात नाही. ज्यांनी ही लेणी दान दिली त्यांना मात्र टाकी लेण्याइतकीच मोलाची वाटत होती. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं सुमारे १९०० वर्षांपूर्वी इथल्या दहाव्या लेण्यात लेख कोरून घेतला. त्रिरश्मी डोंगरात आपण लेणं करवलं आणि पाण्याच्या टाक्याही करवल्या, अशी नोंद त्यात आहे. लेखात टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. तो शब्द पुढे बोलण्यातून गेला आणि 'टाकं' राहिलं.

गडकोटांच्या काळात या टाक्याला लष्करी मोल आलं. नाशिकजवळचा रामसेज हा काही अवघड गड नव्हे. सह्याद्रीतल्या थोराड गडांपुढे तो टेकडीच म्हणायचा. पण १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं त्याला वेढा घातला, आधी शहाबुद्दीन खान आणि मग बहादूरखान पायथ्याशी येऊन बसले, आणि गडानं काही वर्षं दाद दिली नाही. अशा वेढ्याचा निकाल एका चकमकीत लागत नाही. वर दाणा किती, दारू किती आणि टाक्यात पाणी किती, यावर तो लागतो. शत्रू मारा करतच राहणार. प्रश्न उरतो तो तग किती दिवस धरायची एवढाच. हे सूत्र इथेच लक्षात ठेवलं तर पुढचा खेळ निम्मा समजला.

इंग्रजीत 'टँक' हा शब्द सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दिसू लागतो, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे लोक सुरतेत वखार मांडत होते त्याच सुमारास. अर्थ सरळ होता : हिंदुस्थानातला तलाव किंवा पाण्याचा साठा. कोशकार त्याचं मूळ गुजराती आणि मराठी 'टाक्या'त दाखवतात. या वंशावळीवर दुसरा दावा पोर्तुगीजांचा आहे. त्यांचा 'तांक' हा शब्दही साठवणीच्या पाण्याचाच. त्याचं नातं पाणी अडवणं या अर्थाच्या लॅटिन धातूशी जोडतात. काहींच्या मते पोर्तुगीजांनी हा शब्द इथून उचलला, काहींच्या मते इथे आणून दिला. दोन्ही शब्द पश्चिम किनाऱ्यावर भेटले आणि एकमेकांत मिसळले, एवढं धरून चाललं तरी आपली कथा अडत नाही.

या शब्दानं कूस बदलली ती पहिल्या महायुद्धात. खंदक आणि मशीनगन यांपुढे पायदळ हतबल झालं होतं. फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्रिटिश नौदलखात्यात चर्चिल यांनी एक समिती नेमली. तिच्या नावाचा अर्थ होता 'जमिनीवरच्या जहाजांची समिती'. तारांच्या कुंपणावरून आणि खंदकांवरून चालत जाणारं चिलखती जहाज बनवायचं, अशी ती कल्पना. लिंकन इथल्या विल्यम फॉस्टर कंपनीत यंत्र आकाराला येऊ लागलं, पण 'जमिनीवरचं जहाज' या नावातच सगळं गुपित फुटत होतं. म्हणून डिसेंबर १९१५ मध्ये टोपणनाव शोधलं गेलं. मोठी लोखंडी पेटी बघणाऱ्याला ती पाणी वाहून नेण्याची वाटावी, हा हेतू. पाण्याच्या साठ्याचे इतर काही इंग्रजी शब्द विचारात घेऊन सोडून दिले आणि आखूड, ठसकेबाज 'टँक' ठेवला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर फ्लेर-कूर्सलेत इथे ही यंत्रं पहिल्यांदा लढाईत उतरली आणि गुपितासाठी घेतलेलं नाव कायमचं चिकटलं. मराठीनं त्याला 'रणगाडा' हा स्वतःचा शब्द दिला. तो बघायचा असेल तर नाशिकहून शिर्डीमार्गे अहिल्यानगरला जावं. तिथल्या रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटनही उभा आहे.

खेळांच्या जगात या शब्दाची सोयरीक जुळली ती दुसऱ्या एका घराण्याशी, आणि तेही जहाजांचंच. १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-फाशांचा खेळ अमेरिकेत निघाला. त्याचे एक जनक डेव्ह आर्नेसन. फाशाच्या एकाच दानात आपलं पात्र मरतं, हे त्यांच्या गड्यांना रुचेना. आर्नेसन यांनी त्याआधी अमेरिकन यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या लढायांचे नियम बसवले होते. चिलखत किती जाड आणि जहाज किती मार खाऊन बुडेल, याचे आकडे तिथे होते. तेच त्यांनी माणसांना लावले. 'हिट पॉइंट' ऊर्फ एचपी हा आज मोबाइलवरच्या पोराच्याही तोंडी असलेला शब्द असा जहाजावरून उतरून आला.

पुढे संगणकांच्या जाळ्यावर नुसत्या अक्षरांतून खेळायचे सामूहिक खेळ आले, त्यांना 'मड' म्हणत. पहिला 'मड' १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात लिहिला गेला. कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा 'डिकूमड' १९९१ च्या सुमारास आला. अशा खेळांत टोळीनं राक्षसावर चाल करताना कामं वाटली गेली. एकानं पुढे उभं राहून घाव अंगावर घ्यायचे, दुसऱ्यानं त्याच्या जखमा भरायच्या, बाकीच्यांनी मारायचं. पुढे उभा राहणारा तो 'टँक'. 'एव्हरक्वेस्ट' (१९९९) आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) यांनी ही कामवाटणी घरोघरी नेली. टँक हे आता यंत्राचं नाव राहिलं नव्हतं, ते एका कामाचं नाव झालं होतं.

अवकाशात पोचल्यावर त्याचा आणखी एक अर्थ निघाला : मार सोसण्याची पद्धत. 'ईव्ह'मधल्या जहाजाला तीन थर असतात. बाहेर ऊर्जेची ढाल म्हणजे शील्ड, तिच्या आत चिलखत म्हणजे आर्मर आणि शेवटी सांगाडा. तिन्ही थर संपले की जहाज गेलं. माराही चार प्रकारचा : विद्युतचुंबकी, उष्णतेचा, आघाताचा आणि स्फोटाचा. मूळ ढाल विद्युतचुंबकी माऱ्यापुढे लंगडी पडते, चिलखत स्फोटापुढे. ती भोकं बुजवायला जोड उपकरणं बसवतात. पण जहाजातल्या जागा मोजक्या, आणि एकाच जातीची उपकरणं ओळीनं बसवली तर पुढच्या प्रत्येकाचा गुण घटत जातो. म्हणून ढाल भक्कम करायची की चिलखत, हे आधीच ठरवावं लागतं. थोडं इकडे, थोडं तिकडे करणाऱ्याचं जहाज दोन्हीकडून फुटतं.

इथून पुढचा हिशेब निव्वळ टाक्याचा आहे. समजा, ढालीची क्षमता १०,००० आहे आणि तिच्यावर आदळलेल्या माऱ्यातला ७५ टक्के ती परतवते. शत्रू सेकंदाला ५०० चा मारा करतोय. त्यातले १२५ च आत येतात, म्हणजे ढाल ८० सेकंद टिकते. हा 'बफर टँक' : मोठं टाकं, झरा नाही, जितकं भरलंय तितकंच. दुसरं जहाजही ७५ टक्केच परतवतं आणि त्याची क्षमता अवघी ४,०००, पण त्यावरचं दुरुस्तीचं यंत्र सेकंदाला १०० भरून काढतं. त्याच माऱ्यापुढे त्याचे २५ च घटतात आणि ते १६० सेकंद टिकतं. शत्रूचा मारा ४०० वर आला तर येणं-जाणं बरोबर होतं आणि जहाज पडतच नाही. हा 'अ‍ॅक्टिव्ह टँक', जिवंत झऱ्याचं टाकं. त्याचा जीव मात्र वीजसाठ्यात. शत्रूनं तो 'न्यूट' नावाच्या वीजशोषक उपकरणानं शोषला की झरा आटला.

तिसरा प्रकार 'स्पीड टँक'. यात सोसायचं नाही, चुकवायचं. जहाजावरची तोफ ठरावीक वेगानंच वळते. दहा किलोमीटरवरून सेकंदाला एक किलोमीटर वेगानं आडवं जाणारं जहाज तोफेला सेकंदाला ०.१ रेडियन वळायला लावतं. तेच पन्नास किलोमीटरवर असेल तर ०.०२ पुरतात. म्हणून हलकं जहाज मोठ्या तोफेच्या जवळ घुसून गरगर फिरतं आणि सुरक्षित राहतं. पल्ला, कोन आणि हलतं निशाण यांचं हे गणित देवळालीच्या तोफखाना विद्यालयातल्या कुणालाही नवं वाटणार नाही.

सोसण्याला उपाय निघाला तसा फोडण्यालाही निघाला. वरच्या दुसऱ्या जहाजावर सेकंदागणिक मारा न करता सगळ्यांनी एकाच क्षणी मिळून १६,००० चा दणका दिला, तर दुरुस्तीला सवडच मिळत नाही. याला 'अल्फा' म्हणतात. सेकंदाचा मारा म्हणजे 'डीपीएस' आणि एका फेरीचा मारा म्हणजे 'अल्फा', हा भेद ज्याला कळला त्याला ताफ्यांच्या लढाया कळल्या. २७-२८ जानेवारी २०१४ ला 'ईव्ह'मध्ये जी महालढाई झाली, तिच्यात 'टायटन' जातीची ७५ जहाजं नष्ट झाली. खेळातली सर्वांत अवाढव्य जहाजं ती हीच. नुकसानीचा अंदाज खऱ्या पैशात तीन लाख डॉलरच्या घरात गेला. एकट्याचं टाकं कितीही मोठं असो, शेकडोंनी एकदम उपसलं की तळ दिसतोच.

आज या कुळातली सगळी भावंडं नाशिक जिल्ह्यात एकाच वेळी नांदताहेत. गडावर टाकं आहे, गच्चीवर टाकी आहे, उन्हाळ्यात येवला-सिन्नरच्या गावांत टँकर येतो. आणि शहरातलं पोरगं कानाला हेडफोन लावून मित्राला ओरडून सांगतं, "तू टँक कर, मी मागून मारतो." सुरतेच्या वाटेनं नाम म्हणून गेलेला शब्द क्रियापद होऊन परत आलाय. त्याला हाकलायचं काही कारण नाही. नव्या खेळाडूनं एवढंच करावं : जहाज बंदराबाहेर काढण्यापूर्वी साठा किती, झरा किती आणि समोरचा उपसणार किती, हे तीन आकडे मांडावेत. तिसरा आकडा जड दिसला तर बंदरातच थांबावं.