कान्होपात्रेची भूमिका कुणाची?

मंद्रूपला व्याख्यान ठेवायचं ठरलं, तेव्हा आमच्याकडे विषयाऐवजी एक प्रश्नच आला. हल्ली मोठ्या शहरांत स्त्री कलावंतांचे, आणि स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी एकाच रकान्यात न बसवणाऱ्या कलावंतांचे महोत्सव होतात. गाणं, नाच, नाटक, कविता, चित्रं, सगळं एका मांडवाखाली. असा महोत्सव आपल्या भागात करायचा म्हटला, तर ते बाहेरून आणून लावलेलं रोप ठरेल का? जगेल का ते इथल्या मातीत?

प्रश्न चांगला आहे. पण उत्तर द्यायच्या आधी आपण आपल्याच जिल्ह्यात थोडं हिंडून येऊ. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे कलावंत आपल्याकडे नव्हते असा काळच सापडत नाही. कला त्यांची होती. नाव, पैसा आणि व्यासपीठ मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या हातात होतं. त्यामुळे खरा प्रश्न महोत्सव करावा की नाही हा नाही. तो कुणाच्या अटींवर करायचा, हा आहे.

सुरुवात मंगळवेढ्यापासून करू. पंधराव्या शतकातली कान्होपात्रा तिथली. आई शामा गणिका होती, आणि मुलीनंही तोच धंदा करावा अशी रीत. नाचणं-गाणं तिला लहानपणापासून शिकवलेलं. कथा आपल्याला माहीत आहे. ती वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला गेली. पुढे बीदरच्या बादशहाचं बोलावणं आलं, तेव्हा तिनं विठ्ठलाच्या पायाशीच देह ठेवला. मंदिराच्या आवारात तरटीचं झाड तिची समाधी म्हणून दाखवतात.

या कथेतला चमत्कार क्षणभर बाजूला ठेवा आणि नुसता व्यवहार बघा. एका कलावंत मुलीला एक सत्ताधीश बोलावतो आणि ती नाही म्हणते. ‘मी कुणापुढे उभी राहायचं ते मी ठरवणार,’ एवढंच तिचं म्हणणं. त्याची किंमत तिला जिवानं द्यावी लागली. तिचे अभंग थोडेच उरलेत, पण संतांच्या गाथेत ते तिच्या स्वतःच्या नावावर आहेत. गणिकेच्या मुलीचं नाव पाचशे वर्षं टिकावं, ही आपल्या जिल्ह्यातली मोठी गोष्ट आहे.

आता चारशेहून जास्त वर्षं पुढे येऊ. १९३१ साली गंधर्व नाटक मंडळीनं ‘कान्होपात्रा’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आणलं. लेखक नारायण विनायक कुलकर्णी. कान्होपात्रेची भूमिका कुणी केली? बालगंधर्वांनी. म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस यांनी. तेव्हा त्यांचं वय चाळिशी ओलांडलेलं.

यात हसण्यासारखं काही नाही. बालगंधर्वांच्या गाण्यानं आणि अभिनयानं पिढ्या वेड्या झाल्या. त्यांनी साडी कशी नेसली, गजरा कसा माळला, हे बघून घराघरांतल्या बायका तसं करू लागल्या. पण एक विसंगती बघा. मंगळवेढ्याची गणिका नाटकाची नायिका होऊ शकत होती. मात्र तिच्यासारख्या कलावंतिणींच्या घरात जन्मलेल्या मुलीला त्या काळच्या प्रतिष्ठित नाटक कंपनीत नायिका म्हणून उभं राहणं जवळजवळ अशक्य होतं. बाईची गोष्ट चालत होती, बाई चालत नव्हती.

असं का? कारण रंगभूमीवर येणारी बाई म्हणजे ‘तसली’ बाई, हे गृहीतच धरलेलं होतं. कुलीन घरातल्या स्त्रिया येणार नाहीत, आणि ज्या येऊ शकतात त्या कुलीन नाहीत. मग पुरुषानंच लुगडं नेसायचं. बदल व्हायला लागला तो बायकांनी स्वतः धडपड केली तेव्हा. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर या उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या कन्या. त्यांनी १९२९च्या सुमाराला भावंडांना बरोबर घेऊन स्वतःची नाटक मंडळी काढली आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. तीसच्या दशकाच्या अखेरीला खुद्द बालगंधर्वांच्या कंपनीत गोहरबाई कर्नाटकी आल्या आणि नायिका करू लागल्या. गोहरबाईंचं बिळगी गाव जुन्या विजापूर जिल्ह्यातलं, आता ते बागलकोटमध्ये येतं. म्हणजे आपल्या या विजापूर रस्त्यानं पुढे गेलं की लागणारा मुलूख. गोहरबाईंवर काय काय टीका झाली, ते तुम्हाला ठाऊकच असेल. ‘बालगंधर्वांचा ऱ्हास हिच्यामुळे झाला’ असं आजही कुणीतरी सहज बोलून जातं. गाणारी बाई आली, की दोष द्यायला जागा मिळते.

आता नाट्यगृहातून बाहेर पडून तमाशाच्या फडाकडे चला. तिथे पूर्वी नाच्या पोऱ्या असायचा, मुलगाच बाईच्या वेषात नाचायचा. गवळणीतली मावशी तर आजही साडी नेसलेला पुरुषच करतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पवळा आली. संगमनेरकडच्या हिवरगावची, दलित घरातली ही मुलगी. तमाशात नामवंत झालेली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. पठ्ठे बापूराव ब्राह्मण घरातून येऊन तिच्याबरोबर उभे राहिले आणि जातीबाहेर झाले. बापूरावांचा त्याग आपण भरभरून सांगतो, आणि तो सांगायलाच हवा. पण पवळेनं काय सोसलं याबद्दल आपण किती बोलतो?

इथे एक तुलना करायला हवी. पुरुषानं साडी नेसण्याची कृती एकच आहे. संगीत नाटकात ती केली तर बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळालं, आणि ते योग्यच होतं. तीच कृती तमाशात नाच्यानं केली की लोक हसले. मराठी चित्रपटात नाच्याच्या भूमिका करणारे गणपत पाटील संसारी गृहस्थ होते, पण पडद्यावरचं हसू त्यांच्या घरापर्यंत पोचलं. आणि तीच साडी जोगत्यानं नेसली, तर लोक पाया पडतात, भंडारा लावून घेतात, पण शेजारी बसवून जेवू घालत नाहीत. कला तीच, वेष तोच. मान, हसू आणि भीती यांतलं काय वाट्याला येणार, हे जात आणि जागा ठरवतात.

जोगत्यांबद्दल मंद्रूपमध्ये वेगळं सांगायला नको. आपण सीमेवरची माणसं. घरात मराठी आणि बाजारात कन्नड, किंवा उलटं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवरचा हा मुलूख. डोक्यावर जग, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि चौंडकं वाजायला लागलं की गल्लीतली पोरं धावत यायची. जोगतिणी आणि जोगते रात्रभर गायचे, कथा सांगायचे, नाचायचे. देहानं पुरुष जन्मलेले, देवीच्या नावानं लुगडं नेसणारे जोगते ही आपल्या लोककलेतली फार जुनी माणसं आहेत. शहरात आज ज्यासाठी नवे शब्द शोधताहेत, त्यातलं बरंच या माणसांनी आपल्या दारात उभं राहून जगून दाखवलेलं आहे.

पण याला सोनेरी मुलामा देऊ नका. देवीला सोडलेल्या मुलींचं काय झालं, हे आपण पाहिलेलं आहे. ‘देवीनं धरलं’ म्हणून ज्याला घराबाहेर काढलं, त्याला कुणी विचारलं होतं का? मुली सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कर्नाटकानं १९८२ साली आणि महाराष्ट्रानं २००५ साली कायदे केले, ते याचसाठी. प्रथा संपायलाच हवी. पण प्रथेबरोबर कलावंतालाही पुसून टाकलं तर दुसऱ्यांदा अन्याय होतो. चौंडक्याचं बोट, ती गायकी, ती रात्रभर पुरणारी कथा, हे ज्यांनी जपलं त्यांना कलावंत म्हणून जागा द्यायची की नाही?

शेजारच्या कर्नाटकानं याचं एक उत्तर दिलेलं आहे. मंजम्मा जोगती, बळ्ळारीकडच्या. घरानं सोडलं, मग कळव्वा जोगतींच्या मेळात त्या जोगती नृत्य शिकल्या. २०१९मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. २०२१मध्ये राष्ट्रपतींसमोर पद्मश्री घ्यायला गेल्या, तेव्हा त्यांनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली. तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पद्मश्रीचं कौतुक आहेच, पण आम्हाला अध्यक्षपद जास्त महत्त्वाचं वाटतं. पुरस्कार देणारे दुसरे असतात. अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला माणूस ठरवतो.

आता आपल्या जिल्ह्याचा दुसरा कोपरा. माढा तालुक्यातलं मोडनिंब संगीत बारीसाठी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. बारीची रचना नीट बघा. पार्टी बाईच्या नावानं चालते. गाणारी, नाचणारी, पार्टीची मालकीण, सगळ्या बायका. पेटी, तबला, ढोलकीवाले तिच्याकडे काम करतात. बाई कमावते, घर तिच्यावर चालतं. करमाळा तालुक्यातल्या नेरल्यात जन्मलेले डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आलं. त्यांच्या नावात मधे आईचं नाव आहे, कारण बापाचं नाव लावायची सोयच नव्हती. ज्या समाजात बाई मिळवती आहे, तिथेच तिच्या मुलाला शाळेत नावासाठी अडून राहावं लागतं.

पंढरपुरात १९३५ साली जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकरांचं तेच. १९५७ आणि १९९०, दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान. भर कार्यक्रमात बाळंतपण उरकून ही बाई पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. पण त्यात अभिमान कसला? तिला रात्रभराची सुटी देता आली नाही, याची ती गोष्ट आहे. अखेरचे दिवस त्यांनी हलाखीत काढले. २००२ साली त्या गेल्या. आता राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावानं देतात.

या सगळ्याच्या पुढचं पाऊल आपल्याच जिल्ह्यात पडलं. नव्वदच्या दशकात अकलूजला सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाल्या. राज्यभरच्या पार्ट्या तिथे येऊ लागल्या. शहरातल्या महोत्सवांच्या आधीचा आपला महोत्सव म्हणायचा तर हाच. त्यानं दोन गोष्टी केल्या. ज्या लावणीला घरातल्या बायका कधी जाऊ शकत नव्हत्या, ती त्या समोर बसून बघू लागल्या. आणि नाचणाऱ्या बाईला ‘स्पर्धक’, ‘विजेती’ हे शब्द मिळाले. पैसे फेकून फर्माईश करणाऱ्यासमोर नाचणं वेगळं आणि परीक्षकांसमोर नाचणं वेगळं.

त्याची मर्यादाही सांगायला हवी. प्रतिष्ठा मिळाली ती अटींसह. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली आणि मग उठली, तीसुद्धा अशीच अटींसह. ‘खानदानी लावणी’ हा शब्द मानाचा वाटतो, पण त्याच्या आत ‘बाकीची लावणी वाईट’ हेही दडलेलं असतं. काय शोभतं आणि काय नाही, हे पुन्हा व्यासपीठाच्या मालकांनीच ठरवलं. आणि जोगत्याचं व्यासपीठ मात्र देवीचं अंगण हेच राहिलं.

तर मग महोत्सव कसा करायचा? आम्ही इतिहास सांगणारी माणसं, मांडव घालणारी नव्हे. पण इतिहास तीन गोष्टी सांगतो.

पहिली, नाव. हँडबिलावर प्रत्येकीचं पूर्ण नाव छापा. ढोलकीवाल्याचं, चौंडकं वाजवणाऱ्या जोगत्याचंसुद्धा, त्याला किंवा तिला जे नाव हवं असेल ते. ही हौसेची गोष्ट नाही. वृद्ध कलावंतांना राज्य सरकारचं मानधन आहे, आता महिना पाच हजार रुपये. अर्जाबरोबर कलेच्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. जिनं तीस वर्षं बारीत घालवली आणि जिचं नाव कधी छापलंच गेलं नाही, तिनं काय जोडायचं? घुंगरं? तुम्ही छापलेला एक कागद वीस वर्षांनी एखाद्या म्हातारीच्या औषधाला कामी येतो.

दुसरी, पैसा. सन्मानचिन्ह द्या, शाल द्या, पण मानधन आधी द्या, आणि किती देणार ते आधी सांगा.

तिसरी, खुर्ची. कोण गाणार, काय गाणार, कोण परीक्षक, हे ठरवणाऱ्या बैठकीत त्या कलावंतांना बसवा. दिशा पिंकी शेखसारखी तृतीयपंथी कवयित्री मराठीत स्वतःच्या नावावर कवितेचं पुस्तक काढते. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. तेव्हा ‘अशी माणसं बोलायला तयार नसतात’ हे कारण आता चालणार नाही. विचारलं तर बोलतात.

रोप जगेल का, असं विचारलं होतं. रोप बाहेरचं नाहीच. कान्होपात्रेनं आपण कुणापुढे उभं राहायचं ते स्वतः ठरवलं, तेव्हाच ते लागलं. त्यानंतर तिची भूमिका कधी दुसऱ्यांनी केली, कधी तिच्यासारख्यांना ती करू दिली नाही. आता ती कुणी करायची, हे तिच्या वाटेवरच्या माणसांनाच ठरवू द्या. आपण समोर बसू, आणि या खेपेला तिकीट काढून बसू.