विषौषधींचे चित्रलेख

काजऱ्याचे बी गोमूत्रात भिजवून, दुधात शिजवून आणि तुपात तळून शुद्ध केले म्हणजे वैद्य ते अग्निमांद्यावर व वातव्याधीवर योजतो. तेच अशुद्ध स्थितीत पोटात गेले तर धनुर्वातासारखे आचके येऊन मनुष्य प्राणास मुकतो. अशा औषधींच्या बाबतीत ओळख चुकणे हा अपराधच ठरत असल्यामुळे, जुन्या वनस्पतिग्रंथांतील त्यांच्या चित्रांकडे नेत्रसुखाच्या दृष्टीने न पाहता जामिनकीचे दस्तऐवज म्हणून पाहिले पाहिजे, असे माझे मत आहे.

या दस्तऐवजांत अग्रपूजेचा मान ‘हॉर्टस मलबारिकस’ या लॅटिन ग्रंथाचा. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारातील मुख्य अंमलदार हेंड्रिक व्हान रीड याच्या पुढाकाराने कोचीन येथे सिद्ध झालेला हा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला 12 खंडांत छापला गेला, आणि त्यात सातशेंहून अधिक वनस्पती वर्णिल्या आहेत. युरोपातून येणारी औषधे जहाजावरच नासत, आणि त्यांपैकी काही तर मुळात याच किनाऱ्यावरून तिकडे गेलेली असत. तेव्हा दाराशी उगवणारी वस्तू दाम मोजून समुद्रापलीकडून का आणावी, हा व्यवहारी विचार या उद्योगामागे होता.

संग्राहक रानांतून फांद्या, फुले, फळे आणीत. अँटोनी गोट्किंट, मार्सेलिस स्प्लिंटर आदी चित्रकार ती रेखाटीत. इट्टी अच्युतन हा वैद्य घराण्यातील ताडपत्रांच्या आधारे गुणधर्म सांगे. आणि रंगभट, विनायक पंडित व आपू भट हे गौड सारस्वत विद्वान आपल्या निघंटूशी त्याची रुजुवात करीत. या तिघांची 1675 सालची साक्ष कोंकणी भाषेत, नागरी अक्षरांत पहिल्याच खंडात छापलेली आहे.

या ग्रंथातील ताम्रपटांना रंग नाही. सारा भार रेषेवर आहे. कळलावीचेच पाहा. तिच्या पाकळ्यांच्या ज्वाला कोणाचेही चित्त वेधून घेतील. परंतु फुलोरा गळून गेल्यावर तिला ओळखावयाचे ते पानाच्या टोकाशी वळलेल्या तणाव्यावरून आणि नांगराच्या फाळासारख्या कंदावरून, कारण प्रसूती सुलभ व्हावी म्हणून योजला जाणारा हाच कंद खाद्य कंद समजून शिजविला तर घरावर अनर्थ ओढवतो.

पुढे 1753 साली लिनियसने काजऱ्याला शास्त्रीय नाव दिले तेव्हा याच ग्रंथातील नोंदीचा हवाला घेतला, आणि त्यातील विषद्रव्य पेलतिये व काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांच्या हाती 1818 पासून लागू लागले. महाराष्ट्रात ही परंपरा चालविली ती कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी. 1909 च्या बडोदे साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या शल्यवैद्याने 1892 पासून मुंबईच्या विषारी वनस्पतींवर सचित्र लेखमाला लिहिली, आणि वामनदास बसूंसह सिद्ध केलेला त्यांचा औषधी वनस्पतींवरील चित्रसमृद्ध ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, 1918 साली, प्रसिद्ध झाला.

आज अशी चित्रे ग्रंथांतून सुटी काढून, चौकटीत बसवून दिवाणखान्यांत टांगली जातात. त्यायोगे रेषा टिकते, पण मात्रा, शोधन आणि साक्षीदार हे तिच्यापासून दुरावतात. ही चित्रे जतन करावयाची तर त्यांच्या पानांसह केली पाहिजेत. कारण विषाचे औषध कसे करावे हे त्या पानांतच लिहिलेले आहे.