मोगलाईतला माणूस

गेल्या रविवारी घराची साफसफाई चालली होती. आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली आणि सगळा दिवस तिथेच गेला. (सोमवारी रिलीज होतं, ते आठवलं रात्री अकराला. असो.)

आजोबा जाफराबाद तालुक्यातले. आज तो जालना जिल्ह्यात येतो, पण जिल्हा झाला १ मे १९८१ ला. आजोबांच्या लहानपणी ते सगळं निजामाचं हैदराबाद संस्थान. पलीकडे दोन-चार कोसांवर बुलढाणा जिल्हा, म्हणजे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी हद्द. मधे करोडगिरीचा नाका. टपालाची तिकिटं वेगळी, नाणं वेगळं, कोर्टकचेरी उर्दूत. आजच्या भाषेत चक्क शेजारचा देशच! सोयरीक मात्र दोन्हीकडे.

नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबाद आणि हैदराबादच्या कॉलेजांत वंदे मातरम् म्हणण्यावरून संप झाले. शेकडो मुलांची नावं कमी झाली. त्यांना नागपूर विद्यापीठाने घेतलं, कुलगुरू तेव्हा टी. जे. केदार. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. आमचे आजोबा पुढारी वगैरे नव्हते, पण त्या लाटेत तेही गेले. जालन्याहून छोट्या गाडीने मनमाड, तिथून मोठ्या गाडीने नागपूर.

आता इतिहासाच्या पुस्तकात इथे गोष्ट संपते. मुलं गेली, शिकली, छान झालं. आजोबा सांगायचे ते पुढचं.

खानावळीत त्यांचं नाव पडलं 'मोगलाई'. हा शब्द बघा. आपल्याकडे अंदाधुंदी कारभाराला 'मोगलाई माजलीय का' म्हणतात, आणि इंग्रजी मुलखातले लोक निजामाच्या अख्ख्या प्रदेशालाच मोगलाई म्हणायचे. म्हणजे माणसाचा पत्ता हीच शिवी. हे 'मपलं पुस्तक' म्हणाले की टेबल हसायचं. आणि हसणारे कोण? तर 'जेवण करून राहिलो' म्हणणारे!

खोली मिळताना घरमालक विचारायचा, "कुठले तुम्ही?" खरं सांगितलं की भाडं आगाऊ मागायचा. त्याचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा, कारण घरून पैसे यायचे हाली शिक्क्यात. सात हाली म्हणजे सहा कलदार. घरून पस्तीस निघाले तर हातात तीस. हद्द ओलांडल्याचा एक सप्तमांश दंडच म्हणायचा.

सगळ्यात वाईट गणिताचं. शाळेत सगळं उर्दूत झालेलं, उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमच उर्दू होतं. त्रिकोणाला ते मुसल्लस म्हणायचे. नागपुरात इंग्रजीत शिकवणार, प्रश्न विचारला की डोक्यात आधी उर्दू, मग मराठी, मग इंग्रजी. उत्तर यायचं, पण उशिरा. मास्तर म्हणाले, "मंद आहे." मी एका भाषेतला कोड दुसरीत उतरवायचं काम पोटासाठी करतो, त्यामुळे हे ऐकून मला मास्तरांचाच राग आला.

मग केलं काय? भांडण नाही. संस्थानातल्या चौघांनी मिळून एक खोली घेतली. रात्री एकमेकांच्या बोलीतले शब्द पकडायचे, जो 'मपलं' म्हणेल त्याने पाणी भरायचं. आणि पत्ता बदलला! देऊळगाव राजाला मामेकुळी होती. कॉलेजात, खानावळीत सगळीकडे 'देऊळगाव राजा, जिल्हा बुलढाणा'. आजीला हे आवडायचं नाही, "गाव लपवलं तुम्ही," म्हणायची. आजोबांचं उत्तर वकिली होतं. वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं १८५३ च्या तहाने, १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला, पण कागदोपत्री मालकी निजामाचीच. त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणत. "म्हणजे मला हसणारी वऱ्हाडची पोरंही मोगलाईतलीच की!" हे त्यांनी तेव्हा तोंडावर कोणाला म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, असं मला वाटतं.

सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली. आजोबा परत आले, जालन्यात नोकरीला लागले. आणि आता मुंबई प्रांतातून, मध्य प्रांतातून अधिकारी मराठवाड्यात आले. उर्दूत लिहिणारे कारकून रातोरात अडाणी ठरले. आजोबांना मात्र तिन्ही भाषा येत होत्या, म्हणून त्यांचं निभावलं. १९५२ मध्ये हैदराबादेत 'गैरमुल्की परत जा' म्हणून आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं मेली. तेव्हा आजोबा कोणाच्या बाजूने होते? मी एकदा विचारलं होतं, त्यांनी चहा मागवला.

ट्रंकेत दोन कागद सापडले. एक नागपूरची फीची पावती, पत्ता देऊळगाव राजा. दुसरा उर्दूत. मला वाचता येईना, म्हणून खालच्या मजल्यावरच्या चाचांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून वाचला, मुल्की असल्याचा दाखला, जाफराबादचा. घडीवर नीट कापड चिकटवलेलं आहे. पावतीला मात्र कसर लागलीय.