आधी अन्न, मग धर्मश्रवण : बेंगळुरूचे धम्मपद आणि करुणेचे कार्यरूप

धम्मपदाच्या सुखवग्गातील 203व्या गाथेत भूक हा सर्वांत मोठा रोग मानला आहे. गाथा सुटी वाचल्यास भूक हे संसारातील अतृप्तीचे रूपक आहे, असे समजण्यास जागा राहते. कारण तिचे पर्यवसान निर्वाणात होते. अट्ठकथेतील प्रसंग मात्र या भुकेला शरीर देतो. आळवी नगरातील एक गरीब शेतकरी हरवलेल्या बैलाचा शोध घेऊन उशिरा आणि उपाशीपोटी धर्मसभेत येतो. त्याच्यासाठी थांबलेले बुद्ध प्रथम त्याला उरलेले अन्न वाढावयास लावतात आणि त्यानंतरच उपदेश करतात. भिक्षूंमध्ये कुजबूज होते. तिला उत्तर म्हणून ही गाथा येते. येथे अन्नदान हे उपदेशाला जोडलेले पुण्यकर्म नसून धर्मश्रवणाची पूर्वअट आहे.

हाच क्रम सात्तनार यांच्या ‘मणिमेखलै’ या तमिळ महाकाव्यात आढळतो. नायिका दुष्काळग्रस्त कांचीत भुकेल्यांना जेवू घालते. तिला धर्माचा सविस्तर उपदेश मिळतो तो त्यानंतर. तिचे अमृतसुरभी पात्र अक्षय असले, तरी त्यात पहिली भिक्षा आदिरै या गृहिणीच्या हातून पडावी लागते. पुढे राजाचे बंदिगृहच धर्मशाळा बनते. मराठीतील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. दुष्काळात बादशहाची धान्यकोठारे खुली करणाऱ्या दामाजींचे देणे विठ्ठल महाराचे रूप घेऊन फेडतो. चमत्कार दोन्हीकडे आहे. परंतु भक्तिकथेत तो मानवी धाडसानंतर भक्ताला तारतो, तर बौद्ध काव्यात मानवी दानावाचून सुरूच होत नाही, आणि त्याची परिणती संस्थेत होते.

आधुनिक काळात या संस्थारूपाचा एक धागा बेंगळुरूत सापडतो. आचार्य बुद्धरक्खित (1922–2013) यांनी 1956 मध्ये, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, तेथे महाबोधी सोसायटी स्थापन केली. विहारापुरते न थांबता तिचे कार्य रुग्णसेवेकडे वळले. व्हिक्टोरिया रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांच्या केंद्राला महाबोधी हेच नाव आहे. त्यांनी केलेला धम्मपदाचा इंग्रजी अनुवाद 1985 मध्ये श्रीलंकेतील कँडी येथून प्रसिद्ध झाला. त्याची प्रस्तावना भिक्खू बोधी या अमेरिकी भिक्षूंची होती.

याच भिक्खू बोधींनी 2007 मधील एका लेखात बौद्धांची करुणा प्रामुख्याने ध्यानाचा विषय राहिल्याची टीका केली आणि 2008 मध्ये ‘बुद्धिस्ट ग्लोबल रिलीफ’ ही भूकनिवारण संस्था उभी राहिली. धर्मभेद न मानता अन्नसाहाय्य, शेती, मुलींचे शिक्षण आणि स्त्रियांची उपजीविका यांसाठी ती साहाय्य करते. नागपूरच्या वस्त्यांत काम करणारी ‘बोधिचित्त फाउंडेशन’ तिच्या सहयोगी संस्थांपैकी एक होय. बेंगळुरूच्या अनुवादातून हे कार्य जन्मले, असा कार्यकारणभाव येथे मांडावयाचा नाही. तथापि एकाच ग्रंथाशी निगडित असलेल्या दोन भिक्षूंनी करुणेला रुग्णालय आणि अन्नसाहाय्य अशी रूपे दिली, ही गोष्ट ग्रहणाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. भाषांतराचा अभ्यास शब्दांपाशी थांबला, तर 203व्या गाथेतील भूक पुन्हा रूपकच ठरेल. आळवीच्या शेतकऱ्याला मात्र त्या दिवशी प्रथम जेवण हवे होते.